बादलच्या सांध्यांसाठी घरचा खाऊ

वाचक भगिनीचे पत्र :

आदरणीय डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. आम्ही लातूर जिल्ह्यातले. यजमानांचा आडतीचा व्यवसाय आहे. आमचा बादल हा लॅब्राडॉर जातीचा कुत्रा ९ वर्षांचा असून त्याचे वजन ३८ किलो आहे. दिवाळीपासून त्याने माळवदावर जाण्याचा जिना चढणे सोडले आहे. सकाळी उठताना तो मागचे पाय ओढतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रे काढला, तेव्हा दोन्ही खुब्यांत संधिवात असल्याचे निदान झाले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि वजन कमी करण्यास सांगितले. आम्ही त्याला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन भाकरी दुधात कुस्करून, वर चमचाभर तूप घालून देतो. शिवाय दिवसभर घरातला प्रत्येक जण त्याला बिस्किटे देतो. सासूबाई स्वतःच्या गुडघ्यांसाठी डिंकाचे लाडू करतात आणि त्यातला एक बादललाही द्यावा, असे म्हणतात. शेजारच्या भाभी पायाचा रस्सा आणून द्यायला तयार आहेत. यजमानांचा भर हळदीवर आहे. आमच्या घरी अंडे चालते, पण मासळी-मटण शिजत नाही. सांध्यांना बळ देणारा खाऊ मला माझ्या हाताने करून त्याला द्यायचा आहे. तो कसा करावा आणि किती द्यावा?

उत्तर :

सौ. ताईंना सप्रेम नमस्कार.

आपण एक्स-रे काढून निदान करून घेतले आणि मगच खाऊचा विचार केला, ही गोष्ट मला सर्वांत आधी नमूद करावीशी वाटते. आपल्या भागात कुत्रा लंगडू लागला की पुष्कळदा घरातच संधिवात ठरवला जातो आणि तेलाचे मालिश सुरू होते. प्रत्यक्षात गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्र्याचे सांधे सुजतात व तो लंगडतो. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत हाडाच्या कर्करोगाची सुरुवातही लंगडण्यानेच होऊ शकते. या दोन्ही आजारांत खाऊवर घालवलेला प्रत्येक आठवडा महागात पडतो. बादलच्या बाबतीत तो प्रश्न उरलेला नाही, त्यामुळे आपल्याला आता मोकळेपणाने स्वयंपाकघरात शिरता येईल.

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत फिरत असतो. दोहोंवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मध्ये सांध्याचे नैसर्गिक वंगण असते. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत वाढीच्या वयात ही खोबण उथळ राहण्याचे आनुवंशिक प्रमाण बरेच आहे. अशा सांध्यात माथा नीट बसत नाही, वर्षानुवर्षे घासत राहतो, कूर्चा झिजते आणि सांध्यात दाह सुरू होतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात नाही आणि औषधांच्या दुकानातही नाही. आपल्या हाती तीन गोष्टी आहेत : सांध्यावरचा भार कमी करणे, दाह कमी करणे आणि सांध्याभोवतीचे स्नायू टिकवणे. खाऊचा विचार याच क्रमाने करावा. पहिली गोष्ट बिघडवणारा खाऊ दुसऱ्या गोष्टीसाठी कितीही चांगला असला, तरी बादलच्या तोंडात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण दिलेल्या माहितीवरून मी थोडा हिशेब मांडला. मध्यम आकाराच्या एका ज्वारीच्या भाकरीतून साधारण २०० कॅलरी मिळतात, म्हणजे ४ भाकरींच्या ८०० झाल्या. दोन्ही वेळचे मिळून अर्धा लिटर गाईचे दूध धरले तर ३०० हून अधिक, २ चमचे तुपाच्या ९० आणि दिवसभरातील डझनभर ग्लुकोज बिस्किटांच्या अडीचशेच्या आसपास. एकूण बेरीज साडेचौदाशेच्या घरात जाते. दूध म्हशीचे असेल तर त्याहूनही पुढे. बादलचे योग्य वजन ३० किलोच्या आसपास असावे, असा माझा अंदाज आहे. ३० किलोच्या कुत्र्याच्या शरीराला विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला सुमारे ९०० कॅलरी लागतात आणि वजन उतरवायचे असेल तेव्हा पशुवैद्यक साधारणपणे याच आकड्यापासून सुरुवात करतात. जिना चढणे सोडलेल्या कुत्र्याला आपण दीडपट अन्न देत आहोत आणि तो सर्व जादा भार त्या झिजलेल्या खुब्यांवर पडतो आहे.

वजनाबद्दल मी इतका आग्रह का धरतो, याला आधार आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. २००२ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाल्लेली कुत्री जवळजवळ २ वर्षे अधिक जगली आणि त्यांच्यात संधिवाताच्या उपचारांची गरज बरीच उशिरा निर्माण झाली. पुढे २०१० मध्ये संधिवात असलेल्या १४ लठ्ठ कुत्र्यांवर झालेला आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मूळ वजनाच्या ६ टक्क्यांहून थोडे अधिक वजन उतरताच लंगडणे लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. बादलच्या ३८ किलोंचे ६ टक्के म्हणजे सव्वादोन-अडीच किलो. दर आठवड्याला मूळ वजनाच्या साधारण १ टक्का, म्हणजे ३५० ते ४०० ग्रॅम, या सुरक्षित गतीने गेलात तर दीड-दोन महिन्यांत आपण तेथे पोहोचू शकता. इतक्या खात्रीने परिणाम सांगता येईल असा दुसरा कोणताही घरगुती उपाय मला ठाऊक नाही.

आता सासूबाईंच्या लाडवाविषयी. त्यांच्या मनातील माया मला पूर्णपणे समजते, परंतु डिंकाचा लाडू बादलला अजिबात देऊ नये. त्यात बेदाणे किंवा मनुका घातलेल्या असतील, तर त्या कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. किती मनुका खाल्ल्या की हे घडते, याचे ठाम प्रमाण सांगता येत नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर मनुकांनी काही होत नाही आणि दुसऱ्याला थोड्याशाच जीवघेण्या ठरतात. लाडवातले जायफळही अधिक प्रमाणात कुत्र्याच्या मज्जासंस्थेला अपाय करते. हे दोन्ही वगळून खास वेगळा लाडू वळला, तरी गूळ, खोबरे, खारीक आणि तूप यांमुळे एकाच लाडवातून दीडशे ते दोनशे कॅलरी जातील. डिंक चिकट असतो म्हणून तो सांध्याला वंगण पुरवतो, ही समजूत जुनी आहे. पोटात गेलेला डिंक आतड्यातच राहतो. तो एक प्रकारचा तंतुमय पदार्थ आहे आणि सांध्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याला नाही. सालईच्या झाडापासून मिळणारा राळेसारखा डिंक, ज्याला आयुर्वेदात शल्लकी म्हणतात, तो मात्र वेगळा आहे. त्याच्या अर्काने कुत्र्यांचे लंगडणे कमी झाल्याची नोंद आहे. पण त्या प्रयोगात तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता, त्यामुळे मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. बाजारातून सालईचा डिंक आणून घरी कुटून खाऊ घालू नये. वापरायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, प्रमाणित स्वरूपातीलच वापरावा.

भाभींचा पायाचा रस्साही नम्रपणे नाकारावा लागेल. माणसांसाठी केलेल्या रश्श्यात कांदा आणि लसूण असतो. हे दोन्ही पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि शिजवल्याने, तळल्याने किंवा वाटल्याने त्यांचा हा दोष जात नाही. हाडे शिजली की ठिसूळ होतात, चावताना त्यांचे टोकदार तुकडे पडतात आणि ते घशात किंवा आतड्यात रुततात. भाभींनी कांदा, लसूण, तिखट व मीठ न घालता नुसते पाय उकळून, गाळून, थंड झाल्यावर वरची चरबी काढून टाकून तो अर्क दिला, तर २-३ चमचे भाकरीवर घालायला हरकत नाही. त्याने अन्नाला वास येतो आणि कुत्रा आवडीने खातो. त्यातील जिलेटिन पोटात इतर प्रथिनांप्रमाणेच पचते, थेट खुब्यात जाऊन बसत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

हळदीचा प्रश्न थोडक्यात संपवतो. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसते, पण तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. चिमूटभर हळद खाऊत घातल्याने अपाय नाही आणि यजमानांचे समाधान होईल. चमचा-चमचा मात्र घालू नये. त्याने पोट बिघडते आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा पित्ताशयाचा विकार असेल, तर धोका वाढतो.

दाह कमी करण्याच्या बाबतीत अन्नातील ज्या घटकाला सर्वांत चांगला आधार आहे, तो म्हणजे ओमेगा-३ स्निग्धाम्ले, आणि त्यातही ईपीए व डीएचए ही दोन. येथे आपल्या मराठवाड्यातील माणसाला साहजिकच जवस आठवते, कारण जवसाची चटणी आपल्या ताटात पिढ्यानपिढ्या आहे आणि जवसात ओमेगा-३ आहे, हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. अडचण अशी आहे की जवसातील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे आहे. त्यापासून ईपीए तयार करण्याचे काम कुत्र्याच्या शरीराला करावे लागते आणि ते त्याला फार थोडे जमते. जवसाची पूड खाऊत अवश्य घालावी, तिने कोठा साफ राहतो, परंतु सांध्यांसाठी तिच्यावर विसंबू नये. करडईच्या तेलाचा तर या कामी काहीच उपयोग नाही. त्यात प्रामुख्याने ओमेगा-६ असते आणि ते वरून घातल्याने केवळ कॅलरी वाढतात.

ईपीए आणि डीएचए भरपूर असते ते समुद्राच्या मासळीच्या तेलात. आपल्या घरी मासळी शिजत नाही, पण कॅप्सूल औषध म्हणून चालत असेल, तर मार्ग सोपा होतो. सासूबाईंना तेही मान्य नसेल, तर शैवालापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. मासळीच्या अंगात हे स्निग्धाम्ल येते तेही मुळात शैवालापासूनच, त्यामुळे हा पर्याय तत्त्वतः योग्य आहे. अशा तेलात डीएचए अधिक आणि ईपीए कमी असण्याचा संभव असतो, म्हणून वेष्टनावर दोन्ही आकडे पाहूनच निवड करावी. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. शाकाहारी कवच हवे असल्यास तेही वेष्टनावर वाचून घ्यावे.

मात्रेबाबत पुष्कळ गैरसमज आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. बाजारातील १००० मिलिग्रॅमच्या साध्या मासळी-तेलाच्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए, म्हणजे उपयोगाचे मिळून ३०० मिलिग्रॅमच असते. बाकी सारे साधे तेल. सांध्यांसाठी पशुवैद्यक ३० किलोच्या कुत्र्याला जी मात्रा ठरवतात, ती दिवसाला २ ते ४ हजार मिलिग्रॅमपर्यंत जाते. साध्या कॅप्सूलने ती गाठायची तर ७-८ किंवा अधिक कॅप्सूल लागतील आणि प्रत्येकीतून ९-१० कॅलरी जातील, म्हणजे खाऊचा सगळा वाटा तेलानेच व्यापला जाईल. म्हणून ज्यात ईपीए व डीएचए दाट प्रमाणात आहे अशी कॅप्सूल डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि किती द्यायची तेही त्यांनाच ठरवू द्यावे. सुरुवात एका कॅप्सूलने करून २-३ आठवड्यांत वाढवत न्यावे. एकदम वाढवल्यास जुलाब होतात. परिणाम दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. एखाद्या शस्त्रक्रियेची वेळ आली, तर हे तेल चालू असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण अधिक मात्रेत ते रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करते. मासळीच्या यकृताचे, म्हणजे कॉड लिव्हरचे तेल याऐवजी कधीही वापरू नये. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे एवढी असतात की मोठ्या मात्रेत ती विषासारखी काम करतात.

आता आपण ज्यासाठी पत्र लिहिले, तो खाऊ. १५० ग्रॅम लाल भोपळा साल व बिया काढून वाफवावा आणि कुस्करून गार होऊ द्यावा. त्यात एक अंडे फोडून घालावे, एक लहान चमचा भाजलेल्या जवसाची ताजी पूड व चिमूटभर हळद मिसळावी आणि १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ थोडे थोडे घालत सैलसर गोळा करावा. भोपळा पाणचट असेल तर पीठ किंचित अधिक लागेल. मीठ, गूळ, तूप, सोडा यांपैकी काहीही घालू नये. ढोकळ्याच्या थाळीला तेलाचे बोट लावून मिश्रण बोटभर जाडीचे पसरावे आणि २० मिनिटे वाफवावे. सुरी घालून पाहिली असता ती कोरडी निघाली पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर ६० सारख्या वड्या पाडाव्यात. या साऱ्या मिश्रणात सुमारे ४७० कॅलरी असतात, म्हणजे एका वडीत जेमतेम ८. एका ग्लुकोज बिस्किटाच्या जागी ३ वड्या देता येतात, म्हणजे बादलला एकाऐवजी तीनदा खाऊ मिळतो. वड्या शीतकपाटात ३ दिवस टिकतात. त्याहून अधिक दिवसांसाठी गोठवून ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच बाहेर काढाव्यात.

कॅप्सूलमधले तेल या पिठात घालून वाफवू नये. उष्णतेने ही स्निग्धाम्ले खराब होतात आणि तेल खवट होते. द्यायच्या वेळी कॅप्सूलला सुईने टोचून तेल गार वडीवर पिळावे. आपण ज्या गोळ्या देत आहात, त्याही पोटात अन्न असतानाच द्यायच्या असतील, तर जेवणानंतर वडीत खुपसून द्याव्यात. बादल संशयी असेल तर आधी एक रिकामी वडी, मग गोळीची आणि लगेच तिसरी रिकामी, असा क्रम ठेवल्यास तो गोळी थुंकत नाही.

अंडे संपले असेल तेव्हा त्याऐवजी दोन चमचे घट्ट दही चालते, वडी थोडी ठिसूळ होते इतकेच. उन्हाळ्यात, आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर गेल्यावर, वड्यांऐवजी गार काकडीचे काप, गाजराचे तुकडे किंवा साल-बिया काढलेल्या टरबुजाच्या फोडी द्याव्यात. काकडी आधी स्वतः चाखून पाहावी, कडू असेल तर टाकून द्यावी. दुधी भोपळ्यालाही हाच नियम आहे.

दिवसभरातील सगळा खाऊ मिळून एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्शाहून अधिक असू नये, हा पशुवैद्यकांचा सर्वमान्य नियम आहे. बादलसाठी तो हिस्सा ९० कॅलरींचा. तेलासाठी थोडी जागा राखून आपण ८ वड्या धरू. आता आपल्या घराची खरी अडचण अशी दिसते की बिस्किटे देणारे हात अनेक आहेत आणि एकाने दिल्याचे दुसऱ्याला ठाऊक नसते. माझ्या आईने आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला माझ्या नकळत दररोज तूप-भाकरीचा काला भरवला होता आणि मी मात्र वजन उतरत का नाही म्हणून तिच्या तपासण्या करत बसलो होतो. त्यानंतर मी घरात एक रीत घातली. सकाळी एका लहान डबीत दिवसभराचा खाऊ मोजून ठेवायचा, ज्याला द्यायचा असेल त्याने त्या डबीतूनच द्यायचा आणि डबी रिकामी झाली की त्या दिवसाचा खाऊ संपला. ही डबी आपण सासूबाईंच्या स्वाधीन करावी. त्यांची माया त्यातून बादलपर्यंत पोहोचेल आणि हिशेबही त्यांच्याइतका चोख दुसरे कोणी ठेवणार नाही.

जेवणातही बदल करावा लागेल, केवळ खाऊ बदलून ३८ चे ३० होणार नाहीत. दूध आणि तूप पहिल्याच आठवड्यात बंद करावे. भाकरी हळूहळू दिवसाला दोनवर आणावी आणि तिच्याबरोबर उकडलेले अंडे, बिनफोडणीची शिजवलेली मुगाची किंवा तुरीची डाळ, थोडे दही आणि वाफवलेला भोपळा द्यावा. नुसत्या दूध-भाकरीत कुत्र्याला लागणारी प्रथिने पुरेशी मिळत नाहीत आणि वजन उतरताना प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. बादलच्या मांड्यांचे स्नायू आधीच उतरू लागले असतील आणि खुब्याला आधार त्यांचाच आहे. मात्र कायमस्वरूपी घरचेच अन्न द्यायचे असेल, तर त्यात खनिजे व जीवनसत्त्वे कमी पडू नयेत म्हणून उदगीरला पुढच्या खेपेला जाल, तेव्हा लेखी आहारतक्ता मागून घ्यावा. कॅल्शियमची पूड मनाने घालू नये. कॅल्शियम हाडांसाठी असते आणि झिजलेल्या कूर्चेवर त्याचा उपाय नाही. डाळ देताना चिंच घातलेली आमटी देऊ नये. द्राक्षे व मनुका यांच्या विषारीपणामागे त्यांतील टार्टारिक आम्ल असावे, असे पशुवैद्यक अलीकडे मानू लागले आहेत आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असते.

सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांविषयी आपण विचारलेले नाही, पण कोणी ना कोणी सुचवेलच. कुत्र्यांवर झालेल्या चाचण्यांत त्यांचा परिणाम ठळकपणे दिसलेला नाही. अपाय विशेष नाही, परंतु खर्च बराच आहे. तोच पैसा चांगल्या ओमेगा-३ वर घालावा, असे माझे मत आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. सासूबाईंच्या गुडघेदुखीच्या गोळ्या कितीही कमी मात्रेत बादलला देऊ नयेत. माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. हे प्रेमापोटी घडते आणि म्हणूनच ते पाहताना फार वाईट वाटते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू असताना उलटी झाली, भूक मेली किंवा विष्ठा डांबरासारखी काळी दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वजन मोजण्याची सोय आपल्या घरचीच आहे. आडतीवरच्या मोठ्या काट्यावर दर रविवारी सकाळी, खाण्यापूर्वी, बादलला उभे करून आकडा वहीत लिहावा. मधल्या काळात हाताने पारख करता येते. आपला तळहात खाली करून पंजा सरळ पसरावा आणि दुसऱ्या हाताचे बोट मागच्या बाजूच्या हाडांवरून फिरवावे. बादलच्या बरगड्या तशा लागल्या तर वजन योग्य आहे. तळहाताच्या मऊ बाजूसारख्या, दाबल्याशिवाय लागत नसतील तर अजून उतरवायचे आहे. वळलेल्या मुठीच्या टोकांसारख्या टोचल्या तर जास्त उतरले आहे.

शहाबादी फरशीवर त्याचे पाय घसरत असतील, तर त्याच्या नेहमीच्या वाटेवर सतरंज्या अंथराव्यात आणि नखे वेळेवर कापावीत. झोपायला जाड गोधडी द्यावी, पौषातल्या थंडीत फरशीवर झोपून उठलेला संधिवाताचा कुत्रा दुप्पट आखडलेला असतो. दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटे सपाट जमिनीवर सावकाश फिरवावे. आठवडाभर बसवून ठेवून एके दिवशी शेतावर मैलभर पळवू नये.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, आपण त्याला शेतात न्यालच. वनभोजनाला आलेले पाहुणे त्याच्यापुढे भज्जी आणि आंबील ठेवतील. दोन्हींत लसूण असतो, तेव्हा ते त्याच्यापुढून लगेच उचलावे. गाडीतून त्याला उडी मारू न देता दोघांनी धरून उतरवावे आणि डबी सोबत न्यावी. त्या दिवसापुरत्या ८ च्या १० वड्या झाल्या तरी चालतील. ६ आठवड्यांनी वहीतले आकडे मला कळवावेत आणि सकाळी तो उठतो तेव्हाचे मोबाइलवर टिपलेले चित्रण उदगीरच्या डॉक्टरांना दाखवावे. गोळ्यांची मात्रा कमी करता येईल का, हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.